बाज विणलेली सायकल

आमच्या घरात आलेल्या पहिल्या खुर्चीला दोन चाकं होती. तोवर बसायला घोंगडी, टेकायला भिंत आणि पडायला बाज, एवढ्यावर आमचं भागत होतं. बाजा मात्र चांगल्या होत्या. आण्णा, म्हणजे माझे वडील, शेतकरी होतेच, पण वाडीत त्यांचं नाव होतं ते बाज विणण्याबद्दल. बांधावरच्या घायपाताची पानं कुजवून, झोडपून त्यांचा पांढरा वाख काढायचा, मांडीवर पीळ देत त्याची दोरी वळायची आणि लाकडी चौकटीवर ती तिरपी विणत न्यायची, हे काम ते असं करत की बघणाऱ्याला वाटावं, दोरीच त्यांना रस्ता सांगतेय. बाज विणून झाली की आई आतून एक कांदा आणून द्यायची. आण्णा तो कमरेच्या उंचीवरून बाजेवर टाकायचे. कांदा टुणकन उडून परत हातात आला तर बाज पास. जागच्या जागी बसला तर आण्णा सगळी वीण उसवायचे. तो कांदा मग जेवताना बुक्कीनं फोडून भाकरीबरोबर खायचा. त्याला आम्ही 'परीक्षेचा कांदा' म्हणायचो. पुढं आयुष्यात मी बऱ्याच परीक्षा दिल्या आणि मास्तर झाल्यावर घेतल्याही. इतकी चोख परीक्षा पुन्हा पाहिली नाही.

आमची वाडी श्रीगोंद्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत. सकाळी साखर कारखान्याचा भोंगा वाऱ्यावर ऐकू यायचा, आणि घरात कोण जागं झालं हे बाजेच्या कुरकुरीवरून कळायचं. आईची बाज एकदाच कुरकुरायची, कारण ती उठली की उठली. माझी बराच वेळ कुरकुरत राहायची. त्यावर धाकटी बहीण सुमन म्हणायची, "दत्तूदादा उठंना झालाय, बाजंलाच आंघोळ घालू का?" घरात शेंगोळी शिजत असली की हुलग्याचा आणि लसणाचा वास ओसरीपर्यंत यायचा आणि तेव्हा मात्र माझी बाज एकदाच कुरकुरायची.

त्या दिवसांत दुष्काळ होता. विहिरी खोल करायच्या कामावर परदेशातली काही मंडळी आली होती. त्यातला एक आमच्या भागात राहिला. इतका उंच की आमच्या दारातून तो वाकून नव्हे, जवळजवळ रांगत आत यायचा. वाडीनं त्याचं नाव ताडसाहेब ठेवलं. मी अकरावीची परीक्षा देऊन रिकामा होतो, म्हणून विहिरीच्या कामावर त्याची मोजमापाची टेप धरायला जायचो आणि धरता धरता त्याला मराठी शिकवायचो. त्याची पाठ दुखायची. साध्या सायकलवर त्याला बसवत नसे. म्हणून त्यानं पाइप जोडून घेऊन स्वतःच्या अकलेनं एक सायकल बनवली होती. पुढचं चाक लहान, मागचं मोठं आणि मध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर पाइपाची एक कललेली चौकट. त्या चौकटीवर नायलॉनची जाळी ताणलेली. माणसानं त्या जाळीत मागं रेलायचं, पाय समोर लांब करायचे आणि पुढच्या चाकाच्याही पुढं काढलेले पायडल मारायचे. कुणी त्याला विचारलं, "साहेब, ह्याच्यावर बसता कसं?" तर तो मी शिकवलेल्या मराठीत छातीवर हात ठेवून सांगायचा, "मी बसत नाही. मी पडतो."

काम संपवून मायदेशी निघाला तेव्हा त्यानं ती सायकल आमच्या अंगणात आणून उभी केली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दत्तू, आता तू पड." पुढं कितीतरी दिवस वाडीत मला कुणी 'बस' म्हणालं नाही. ज्याच्या त्याच्या ओसरीवर गेलो की "ये दत्तू, पड!"

मला मात्र त्या सायकलनं एक दार उघडून दिलं होतं. अकरावी पास होणारा मी आमच्या घरातला पहिला. तालुक्याला कॉलेज होतं, पण एस.टी. आमच्या फाट्यावर यायची ती कॉलेज सुटायच्या वेळेला. तिथं खोली करून राहावं तर जनावरांचं आणि शेताचं आण्णांना एकट्यानं झेपणारं नव्हतं. रोज जाऊन रोज परत यायचं, एवढा एकच मार्ग, आणि त्यासाठी सायकल पाहिजे. इकडं किसनमामानं, म्हणजे आईच्या धाकट्या भावानं, कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर माझं काम पक्कं करून ठेवलेलं. मामाला ते फार मोठं काम वाटत होतं आणि खरं सांगायचं तर आईलाही वाटत होतं. आण्णा दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे. शेवटी त्यांनी बाजेचा न्याय लावला. म्हणाले, "दत्तू, कॉलेजात नाव घालायला जा त्या गाडीवर. गाडीवर पडून गेलास आन् गाडीवर पडून परत आलास, तर कॉलेज. गाडी ढकलत आलास, तर मामासंगं कारखाना. मग पुन्ना इषय काढायचा न्हाई."

पण सायकलची जाळी साफ बसली होती. साहेब अंगानं काडी होता, आणि नायलॉन उन्हानं सैल पडलेलं. मी त्यात रेललो की माझी झोळी व्हायची. गुडघे नाकाला लागायचे आणि बूड मागच्या चाकावर घासून खर्रर्र आवाज यायचा. सुमन पुढं येऊन झोळीला झोका देत म्हणाली, "आई, बारशाला कुनाकुनाला बोलवायचं गं?" मी पोत्याचा एक तुकडा जाळीखालून शिवून घेतला. पहिल्याच खड्ड्याला तो असा टरकला की शेजारची म्हैस दावं ओढून उभी राहिली. मग आईनं जुनी वाकळ घडी करून दिली. तिनं बसणं मऊ झालं, पण बूड होतं तिथंच राहिलं, चाकावर. आण्णा हे सगळं ओसरीवरून बघत होते. दुपारी जवळ आले, सायकलभोवती फिरले, चौकटीच्या पाइपांवर बोटं वाजवली आणि म्हणाले, "आरं, ही तर बाजच हाय की. चाकं लावली म्हनून काय झालं?" विळ्यानं त्यांनी साहेबाची जाळी कापून काढली.

नेमका तेव्हा किसनमामा आला. मामा जुन्या विहिरींवरच्या मोटा शिवण्यात वाढलेला. कातड्याच्या वाद्या, मोटेचे दोर, आसूड यांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आण्णा कोरडी दोरी घेऊन बसलेले बघून तो कपाळाला हात लावून म्हणाला, "दाजी, कोरडी काय इनताय? भिजवा की रातभर! ओली इनली का वाळल्यावर अशी आवळती, अशी आवळती, का तुमचा कांदा पार माळवदावर जाईल."

आण्णा हळूच म्हणाले, "किसनराव, वाखाचं निराळं असतं."

"कातडं काय आन् वाख काय, दोरी ती दोरी!"

"बाजंच्या पायथ्याला दावन तरी ओवू द्या," आण्णा म्हणाले. दावण म्हणजे विणीचं खालचं टोक आणि पायथ्याचा दांडा यांच्यामध्ये नागमोडी ओवलेली दोरी. बाज सैल पडली की तीच ओढून ताण द्यायचा.

"ओल्या इनीला दावन? हसतील दाजी लोकं!"

आण्णांनी आईकडं बघितलं. आईनं भावाकडं बघितलं आणि चहाला आधण ठेवायला आत गेली. पाहुणा, त्यात बायकोचा भाऊ. आण्णांनी दोरी रात्रभर भिजत घातली. मामानं हे मुद्दाम केलं का, हा प्रश्न मी त्याला तो म्हातारा झाल्यावर विचारला होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि उत्तर त्या ठसक्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीण पुरी झाली. आण्णांनी मांडीनं दाबत, दातानं धरत ती ओली दोरी पाइपावरून अशी ओढली होती की बघत राहावं. आईनं कांदा दिला. तो टुणकन उडाला आणि आण्णांच्या हातात आला. मामानं आपल्याच मांडीवर थाप मारली. कॉलेजात नाव घालायचा तो शेवटचा दिवस होता, त्यामुळं विणीला वाळायला वेळ मिळाला नाही. भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून मी पाठीशी घेतला, सुमननं मागून ढकललं आणि मी निघालो. आई दारात उभी होती. मी मान वळवून बघितलं तर ती माझ्याकडं नव्हे, माझ्या पायांकडं बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. ते का, हे मला तेव्हा कळलं नाही.

सुरुवातीला तर मी उडतच होतो. पाठीला ताणलेली वीण, वर आभाळ, समोर माझीच दोन पावलं आणि त्यांच्या मधोमध रस्ता. ज्यानं ती सायकल चालवली नाही त्याला हे सांगून समजणार नाही. राजा पालखीत बसतो तेव्हा त्याला असंच वाटत असेल, फक्त त्याला पायडल मारावे लागत नाहीत. पण ऊन चढलं आणि पालखी खाली यायला लागली. आधी मला वाटलं, चढ लागलाय. मग लक्षात आलं की रस्ता सपाट आहे, मीच उतरतोय. वीण वाळत होती, आणि वाळता वाळता आवळायच्या ऐवजी सैल पडत होती. फाटा दिसू लागला तेव्हा ओळखीचा आवाज आला. खर्रर्र.

फाट्यावर गेनबाचं चहाचं दुकान होतं. गेनबा, त्याच्या दुकानापुढचं बाकडं आणि बाकड्यावरची मंडळी हे तिथलं कायमचं सामान. मी पाय पुढं लांब केलेला, उताणा, खरखरत त्यांच्यासमोर येऊन थांबलो. बाकड्यावरचा एक म्हातारा डोक्याचं पागोटं काढून हात जोडून उभाच राहिला.

"काय झालं बाबा?" गेनबानं विचारलं.

"मला वाटलं कुनाला तरी नेत्यात," म्हातारा म्हणाला. "पाय पुढं हायेत ना."

बाकडं हसून हसून हललं. "खांदेकरी कुटं गेलं रं दत्तू?" "इसाव्याला थांबला वाटतं!" मला हसू येईना. पुढं जावं तर बूड चाकावर, मागं जावं तर कारखाना. तसाच उभा होतो आणि डोळ्यांपुढं आमची ओसरी आली. उन्हाळ्यात पाहुणे यायचे असले की आण्णा जुन्या सैल बाजेवर तांब्याभर पाणी शिंपडायचे आणि ती ताठ व्हायची. वाख भिजला की आवळतो. वाळला की सोडतो. मामाचं शास्त्र बरोबर होतं, पण ते कातड्याचं.

"गेनबाकाका, एक बादली पानी द्या," मी म्हणालो.

"प्यायला?"

"न्हाई. हितं वतायला," मी विणीवर हात ठेवला.

गेनबाचा आवाज चढला. "वाडीत प्यायला पानी न्हाई, आन् तुझ्या बुडाला बादली? लाज हाय का?"

त्याचं बरोबरच होतं. मी मान खाली घातली. तेवढ्यात तोच म्हातारा म्हणाला, "गेनबा, कपबश्या इसळलेलं दे की. ते काय तीर्थ हाय व्हय? पोरगं कालेजाला निघालंय." गेनबानं कपबश्या विसळायची बादली उचलून आणली. दुधाचा आणि चहाचा रंग उतरलेलं ते पाणी आम्ही विणीवर वरून, खालून, गाठीगाठींवर ओतलं. मंडळी बाकडं सोडून गोळा झाली. थोड्याच वेळात दोरी फुगली, करकरली आणि वर आली. म्हाताऱ्यानं तिच्यावर बोट वाजवून बघितलं. "आता पड," तो म्हणाला.

कॉलेजच्या आवारात शिरलो तेव्हा माझी विजार मागून गुडघ्यापर्यंत चहाच्या रंगाची झाली होती. कारकुनानं नाव लिहून घेतलं, मला प्राचार्यांपुढं उभं केलं. त्यांनी बसायला खुर्ची दाखवली. तोवर मी कुठल्याच खऱ्या, चार पायांच्या खुर्चीवर बसलो नव्हतो आणि ती तर गादीची होती. मी म्हणालो, "नको सर, मी ओला आहे." ते खिडकीतून बाहेर बघू लागले. आभाळात ढगाचं पिलूही नव्हतं. पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही, हे त्यांचे माझ्यावरचे पहिले उपकार. पुढचे मोजता येणार नाहीत. नाव घातलं गेलं. बाहेर आलो तर सायकलला मुंग्या लागलेल्या. गेनबाच्या चहात साखर जास्त असायची. परतीच्या वाटेवर मी इतक्या जोरात पायडल मारले की वीण पार बसायच्या आत घर आलं. त्याचं श्रेय बरेच दिवस माझ्या जिद्दीला मिळत राहिलं. ते मुंग्यांचं होतं.

अंगणात मी सायकलवर पडूनच शिरलो. आण्णांनी मला उतरू दिलं, सुमननं माझ्या पाठीवरच्या मुंग्या झटकल्या, आणि मामानं सैल वीण बोटानं दाबून बघितली. "वाख बनावट दिसतोय," तो म्हणाला. आण्णांनी वीण उसवली, आणि दुसऱ्या दिवशी जुनी, चांगली वाळलेली दोरी घेऊन, यावेळी कुणालाही न विचारता, पुन्हा विणली. खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे आडवे ताणून बांधले, म्हणजे दोरीनं साथ सोडली तरी पट्टे माणसाला चाकापर्यंत जाऊ देणार नाहीत. पायथ्याला दावण ओवली आणि तिचं टोक माझ्या उजव्या हाताशी आणून ठेवलं. "सैल वाटली का चालता चालता वड," ते म्हणाले. आईकडं कांदा मागितला.

आईनं कांदा दिला नाही.

"मी त्याला त्या गाडीवर जाऊ द्यायची न्हाई," ती म्हणाली. फाट्यावरची गोष्ट माझ्या आधी घरी पोचली होती. "जित्या मान्साचं पाय पुढं? मला कालच सकाळी कसंतरी झालं हुतं. आन् आता फाट्यावर लोकं पागोटं काढून उभी ऱ्हात्यात. माझ्या लेकाला रोज कुनी असं बगायचं? त्यापरास कारखान्याचा काटा बरा."

हे मात्र अवघड होतं. दोरी सैल पडली तर आण्णांकडं उपाय होता. आईला धास्ती बसली तर नव्हता. मी म्हणालो, "मग पायाच्या पुढं काहीतरी बांधू. म्हणजे पाय पहिले जाणार नाहीत." आईला हे पटण्यासारखं होतं. मग आमच्या ओसरीवर जी सभा भरली तिच्यापुढं नंतर पाहिलेल्या स्टाफरूममधल्या सभा फिक्या.

"पुस्तकाची पिशवी बांधू," मी म्हणालो.

"इद्येला पाय दाखवतोस?" आई म्हणाली.

"भाकरी बांधा," मामा म्हणाला.

"अन्नाला पाय दाखवतोस?"

"नारळ?"

"देवाला?"

"मग किसनमामाचा फोटू बांधू," सुमन म्हणाली आणि माझ्या पाठीमागं लपली.

आण्णा उठले. उंबऱ्याशी गेले, आपल्या पायातल्या चपला काढल्या. मागच्या दिवाळीत तळ घातलेल्या, अंगठ्यापाशी झिजून काळ्या झालेल्या. घेऊन आले, पायडलांच्या पुढं पाइपाचं जे टोक होतं त्याला उरलेल्या दोरीनं, टाचा मागं आणि अंगठे पुढं करून, आवळून बांधल्या. "मालट्रकवाले बांधत्यात," ते आईला म्हणाले. "दिष्ट लागत न्हाई. आन् आता पोराचं पाय पुढं न्हाईत. बापाचं हायेत. पोराचं मागनं चाललेत."

आईनं त्यांच्या अनवाणी पायांकडं बघितलं. म्हणाली, "आन् तुमी काय घालनार?"

"ढेकळास्नी चपला दाखवून काय करायचंय?"

आई आत गेली. आम्हाला वाटलं, रागानं गेली. ती कांदा घेऊन बाहेर आली. तिनं तो स्वतःच विणीवर टाकला. कांदा उडाला तो मामाच्या टोपीवर जाऊन बसला.

त्या सायकलनं मी कॉलेजची सगळी वर्षं काढली. फाट्यावरचं बाकडं आधी हसायचं, मग नुसतं हात करायचं, आणि पुढं कधी मी आलो नाही तर गेनबा सुमनला विचारायचा, "आज पडला न्हाई का गं तुझा दादा?" दावणीचं टोक माझ्या हातात राहून राहून गुळगुळीत झालं. पावसाळ्यात वीण इतकी आवळायची की ती सैल करावी लागायची, आणि ते मी कुणाला न विचारता करायला शिकलो.

पदवीचा कागद द्यायचा समारंभ होता त्या दिवशी आण्णा एस.टी.नं आले, नव्या चपला घालून. तोवर ते कॉलेजला कधीच आले नव्हते. फाटकापाशी मी त्यांना घ्यायला गेलो तर ते खाली वाकून चपला काढत होते. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा त्यांनी त्या भिंतीकडेला नीट लावल्या. मी म्हणालो, "आण्णा, इथं काढायच्या नसतात." ते म्हणाले, "असू दे." फाटकावरचा शिपाई मात्र रोज माझी सायकल बघणारा, तिच्यावरच्या चपला कुणाच्या हेही ठाऊक असलेला. त्यानं एकदा आण्णांच्या अनवाणी पायांकडं बघितलं, एकदा भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या टोकाकडं, जिथं त्या झिजलेल्या काळ्या चपला अजून बांधलेल्या होत्या, आणि हसून म्हणाला, "घाला बाबा, घाला. तुमच्या चपला हितल्या जुन्या इद्यार्थी हायेत. एक दिवस गैरहजर न्हाईत."

आण्णांनी सायकलच्या टोकाकडं बघितलं. मग नव्या चपला पायात घातल्या आणि माझ्यापुढं चालत आत गेले.